काठावर पास

मध्यंतरी साठी उलटलेले एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. पायांना मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, अशी तक्रार. वर्षापूर्वी, नुसता थकवा होता तेव्हा, त्यांनी रक्त तपासून घेतले होते. 'बी-१२' होते २३०. प्रयोगशाळेची खालची मर्यादा २००. तो अहवाल पाहून "नॉर्मल आहे, काळजी नको" असे मीच सांगितले होते. माझे चुकले होते.

हे जीवनसत्त्व एका मिलिलिटरमागे पिकोग्रॅममध्ये मोजतात. साधारणपणे २०० च्या खाली कमतरता, ३०० च्या वर बहुधा पुरेसे. मधला पट्टा संशयाचा. कारण रक्तातले बी-१२ दोन प्रथिनांना चिकटून फिरते आणि त्यातला सुमारे पाव हिस्साच पेशींच्या उपयोगी पडतो. साधी चाचणी मात्र सगळे एकत्र मोजते. पासबुकावर रक्कम दिसावी, पण बरीचशी मुदत ठेवीत अडकलेली असावी, तसे हे. म्हणून मधल्या पट्ट्यातल्या माणसाला लक्षणे असतील, तर होमोसिस्टीन किंवा मिथिलमॅलोनिक आम्ल तपासावे. बी-१२ कमी पडले की ती वाढतात. मूत्रपिंड बिघडले तरीही वाढतात, हे डॉक्टरांनी ध्यानात घ्यायचे.

हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणून निर्धास्त राहू नये. फॉलिक आम्लाच्या गोळ्यांनी रक्त सुधारते, मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. भाजी-भाकरीतून बी-१२ मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून येते. त्यामुळे शाकाहारी, वयस्कर आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे यांनी सावध असावे.

आणखी दोन गोष्टी. तपासणी आधी, औषध मग. इंजेक्शननंतर आकडा फुगतो. त्यावरून औषध रक्तात पोहोचले एवढेच कळते. आणि दोन अहवाल ताडून पाहताना एकक बघा. २०० पिकोग्रॅम म्हणजेच सुमारे १४८ पिकोमोल. आकडा घसरला म्हणून घाबरू नका.

पुढच्या चाचण्यांत गुरुजींची कमतरता उघड झाली. इंजेक्शनांनी त्यांचा तोल सावरला. तळपायाचा थोडा बधिरपणा मात्र राहिला. मी चूक कबूल केली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "डॉक्टर, काठावर पास झालेल्या मुलाकडे आम्ही जास्त लक्ष देत असू."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)