संगणकातील टोमॅटोची बाग

पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती पाहण्याची रीत शेतकरी बंधूंच्या चांगल्या परिचयाची आहे. १०० दाणे मोजून घ्यावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींत मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी आणि काही दिवसांनी उगवलेले दाणे मोजावेत. सोयाबीनचे ७० पेक्षा कमी दाणे उगवले, तर एकरी बियाणे वाढवावे किंवा बियाणेच बदलावे. येथे गोणपाट म्हणजे शेत नव्हे. ते शेताचे छोटे प्रतिरूप होय. परीक्षेत बियाणे नापास झाले तर मूठभर दाणे जातात, हंगाम जात नाही. मात्र त्याला एक अट आहे. दाणे पोत्याच्या केवळ वरच्या थरातून न घेता सर्व थरांतून घेतले पाहिजेत. नाहीतर गोणपाटातील आकडा शेतात खोटा ठरतो.

हेच तत्त्व अभियांत्रिकीचे विद्यार्थी संगणकावर वापरू लागले आहेत, आणि त्यांच्या प्रयोगाचा विषय पुष्कळदा शेती हाच असतो.

पवई येथील स्पर्धा

मुंबई उपनगरात पवई येथे भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. तिची स्थापना १९५८ साली झाली. या संस्थेच्या संगणकशास्त्र व अभियांत्रिकी विभागात प्राध्यापक कवी आर्य यांच्या नेतृत्वाखाली ‘ई-यंत्र’ हा उपक्रम उभा राहिला. त्यास केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे साहाय्य लाभले. या उपक्रमातर्फे २०१२ सालापासून विद्यार्थ्यांसाठी यंत्रमानवांची स्पर्धा भरविण्यात येऊ लागली. देशातील निरनिराळ्या महाविद्यालयांतील विद्यार्थी चार-चार जणांचे संघ करून तीत भाग घेतात.

नित्याच्या जीवनातील एखादी अडचण घ्यावयाची, तिला नियमांत बसवून सोपे रूप द्यावयाचे आणि ती विद्यार्थ्यांपुढे ठेवावयाची, अशी या स्पर्धेची पद्धत आहे. विद्यार्थी आज्ञावली लिहितात. ती सुरू झाली की यंत्राने माणसाच्या मदतीवाचून काम पार पाडावयाचे असते. २०२१-२२ सालच्या स्पर्धेत टोमॅटोची तोडणी, स्ट्रॉबेरीच्या पेट्या ड्रोनने उचलून गाडीवर ठेवणे, तण काढणे आणि जमिनीची पाहणी असे शेतीचे विषय होते.

यंत्र टोमॅटो कसा ओळखते?

तोडणीच्या विषयात संगणकाच्या पडद्यावर एक हरितगृह उभे केलेले होते. त्यात रोपांच्या रांगा होत्या आणि रोपांवर फळे होती. यंत्रमानव चाकांवर फिरणारा असून त्याला एक हात जोडलेला होता. लेसर किरणांनी अंतर मोजून तो रांगांमधून वाट काढतो. त्याचा कॅमेरा चित्रातील लाल भाग वेगळा करतो. तेथपर्यंतचे अंतर मोजल्यावर फळ नेमके कोठे आहे याचे गणित मांडता येते. मग हात पुढे जातो, फळ धरतो, तोडतो आणि टोपलीत ठेवतो. गणित चुकले तर हात हवेत बंद होतो किंवा रोपाला धडकतो. अशा वेळी विद्यार्थी आज्ञावली सुधारतात आणि पुन्हा आरंभ करतात. शंभर वेळा चुकले तरी एकही रोप मोडत नाही. संगणकावरील प्रतिरूपाचा हा मोठा लाभ होय.

पोत्याचा खालचा थर

आता ही बाग नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंत येथील शेतकऱ्याला दाखविली, तर तो काय म्हणेल? प्रथम तो विचारील, ‘माल कोणत्या बाजाराला पाठवावयाचा?’ दूरच्या बाजारासाठी फळावर गुलाबी छटा येऊ लागताच ते तोडतात. जवळच्या बाजारासाठी लाल झाल्यावर. यंत्र जर केवळ लाल फळ तोडावयास शिकले असेल, तर दूर जाणारा माल वाटेतच मऊ पडेल. दुसरे असे की, कित्येक फळे पानाआड असतात. मजूर बाई डाव्या हाताने पान सारून उजव्या हाताने फळ तोडते. एक हात असलेल्या यंत्राने काय करावे? तिसरे म्हणजे, पावसानंतर काळ्या जमिनीत चाक रुतते, आणि सकाळच्या दवाने व दुपारच्या धुळीने कॅमेऱ्याची काच मळते.

शिवाय जमिनीच्या क्षेत्राचाही प्रश्न आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीक्षेत्र १.३४ हेक्टर होते. एवढ्या रानात न वळणारे, किंवा त्याच्या उत्पन्नात न परवडणारे यंत्र स्पर्धेत पहिले आले तरी बांधावर उभेच राहील.

याचा दोष विद्यार्थ्यांकडे जात नाही. शिकण्यासाठी प्रश्न सोपा करावाच लागतो. परंतु गोणपाटातील दाण्यांप्रमाणे येथेही अट तीच आहे. शेतातील सर्व थरांतील अडचणी प्रतिरूपात उतरल्या, तरच त्यावरून काढलेला निष्कर्ष शेतात टिकतो. आणि या अडचणी सर्वांत चांगल्या ठाऊक असतात त्या शेतकऱ्याला.

गावपातळीवर काय करता येईल?

गावातील कार्यकर्त्यांनी या कामी दुवा व्हावे. तोडणी, निंदणी, फवारणी यांपैकी एक काम निवडून त्याची साधी नोंद ठेवावी : दोन ओळींतील अंतर, फळाची उंची, तासाभरात एका मजुराने तोडलेला माल, वाया गेलेली फळे आणि दिलेली मजुरी. फळांची छायाचित्रे सकाळी, दुपारी व सायंकाळी, तसेच पानाआडची फळेही दिसतील अशी घ्यावीत. ही नोंद जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास किंवा कृषी विज्ञान केंद्रास द्यावी. विद्यार्थ्यांना एक दिवस तोडणीच्या वेळी शेतावर बोलवावे आणि त्यांच्या हाती टोपली द्यावी.

पुढे कोणी नवे यंत्र घेऊन गावात आला, तर शेतकऱ्यांनी त्याची परीक्षा स्वतःच्या शेतात, स्वतःच्या पिकावर आणि भर हंगामात घ्यावी. चार ओळींत ते यशस्वी ठरले, तर पुढील व्यवहाराचा विचार करावा.