घरातला सर्व्हर आणि दुकानाची खतावणी

आपल्या बिरादरीतील बरीच मुले-मुली आता कॉम्प्युटर सायन्स शिकत आहेत. सुट्टीत घरी आली की ही मुले भंगारात निघालेला एखादा कॉम्प्युटर उघडतात, त्याला वायरी जोडतात आणि तो रात्रंदिवस चालू ठेवतात. विचारले तर सांगतात, "सर्व्हर बनवतोय." वडीलधाऱ्यांना वाटते, पोरगा वेळही घालवतो आहे आणि वीजही. पिशोर येथील माझ्या कापड दुकानाच्या मागच्या खोलीत पुतण्याने असे यंत्र मांडले, तेव्हा मीही त्याच्यावर रागावलो होतो. आज माझ्या दुकानाची उधारी त्याच यंत्राच्या भरवशावर सुरक्षित आहे. म्हणून हे काम नेमके काय आहे, ते व्यापारी बंधूंना समजावे यासाठी हा लेख.

काउंटर आणि गोदाम

दुकानातला कॉम्प्युटर हा काउंटर समजला, तर सर्व्हर म्हणजे गोदाम. गिऱ्हाईक गोदामात येत नाही. काउंटरवरून मागणी जाते आणि गोदामातून माल येतो. तसेच सर्व्हरसमोर कोणी बसत नाही. दुकानातले कॉम्प्युटर आणि मोबाईल त्याच्याकडे फाईल मागतात, तो देतो. ठेवायला देतात, तो ठेवतो. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. दहा वर्षांपूर्वीचा, विंडोजखाली धापा टाकणारा कॉम्प्युटरही चालतो.

पुतण्याने तसाच कॉम्प्युटर घेतला. त्यातले विंडोज काढून लिनक्स घातले. लिनक्स फुकट मिळते आणि ते वापरणे, वाटणे कायद्याने मोकळे आहे, त्यामुळे चोरीच्या सीडीचा गुनाहही नको. त्यावर सांबा नावाचा प्रोग्रॅम बसवला. दुकानातल्या विंडोजच्या कॉम्प्युटरला सर्व्हरवरचे फोल्डर आपल्याच घरचे असल्यासारखे दिसते, ते या सांबामुळे.

ही साधने कोणी बनवली, हेही पाहण्यासारखे आहे. १९९१ मध्ये लिनक्स सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स हे फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात विद्यार्थी होते. सांबाचे काम १९९१-९२ मध्ये ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी पीएच.डी. करताना सुरू केले. लिनक्सचा डेबियन हा प्रसिद्ध प्रकार १९९३ मध्ये अमेरिकेतील इयन मरडॉक यांनी काढला, तेही विद्यार्थीच. आपल्याकडे बेळगावात शिकलेल्या अतुल चिटणीस यांनी 'पीसी क्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी वाचकांच्या घरी पोचवण्याच्या कामात १९९६ पासून पुढाकार घेतला. म्हणजे मागच्या खोलीत बसून खटपट करणारा पोरगा रिकामटेकडाच असतो, असे नाही.

खतावणी बुडाली तेव्हा

आमच्या भागात कापडाचा धंदा उधारीवर चालतो. मका, कापूस, अद्रक विकले की शेतकरी पैसे आणून देतो. पूर्वी लाल वहीत रोजमेळ आणि खतावणी असे. नंतर सर्व हिशेब कॉम्प्युटरवर गेला आणि वही बंद झाली. एके दिवशी कॉम्प्युटर सुरू होईना. शहरात दुरुस्तीला दिला, तर हार्ड डिस्क गेली, आतले काही निघणार नाही, असे सांगण्यात आले. दीड वर्षाची येणे बाकी त्यात होती. दुसरी प्रत नव्हती, आणि तो दोष माझाच. बहुतेक गिऱ्हाइकांनी आपण होऊन आकडा सांगितला, अल्लाह त्यांना बरकत देवो. पण काहींना आठवले नाही आणि मलाही आठवले नाही. दोन जुने संबंध कायमचे तुटले.

कुरआन शरीफची सर्वांत मोठी आयत, सूरह बकरहची २८२ वी, उधारीच्या लिखापढीबद्दल आहे, हे आपण मदरशात शिकलो. उधार लिहून ठेवा आणि साक्षीदार घ्या, हा तिचा हुकूम. लिहिलेले एकाच डिस्कवर ठेवून मी निर्धास्त बसलो, ही माझी गफलत.

रात्री दोनचे काम

पुतण्याने सर्व्हरमध्ये दोन डिस्क बसवल्या आणि एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. रोज रात्री दोन वाजता दुकानाच्या हिशेबाची प्रत सर्व्हरवर येते. जुनी प्रत पुसली जात नाही. तीस दिवसांच्या तीस प्रती राहतात. चुकीची नोंद आठ दिवसांनी लक्षात आली, तरी मागचा हिशेब काढून पाहता येतो.

पहिल्या उन्हाळ्यात मात्र फजिती झाली. रात्री वीज गेली, यंत्र बंद पडले आणि वीज आल्यावर सुरूच झाले नाही. मागच्या खोलीत कोण पाहतो? अकरा दिवस एकही प्रत झाली नाही. पुतण्याने मग वीज येताच यंत्र आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था केली. दुसरे म्हणजे, रोज सकाळी माझ्या मोबाईलवर एक ओळ येते: शेवटची प्रत कधी झाली आणि ती किती मोठी आहे. ओळ आली नाही की मी समजतो, गडबड आहे. तिसरे, महिन्यातून एकदा आम्ही ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहतो. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेला तागा; आत किती भरेल, सांगता येत नाही.

वायरीबाहेरची प्रत

दोन्ही प्रती एकाच वायरीला जोडलेल्या असतील तर धोका टळत नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला. मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर बंद पडले आणि त्याचा फटका आपल्या मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनललाही बसला. कंपनीला सुमारे ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. तिच्या जाळ्याची मुख्य नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर होते आणि एकमेकांची प्रत ठेवत होते. पण सगळे जोडलेले, म्हणून सगळे एकदम गेले. वाचला तो आफ्रिकेतील घाना देशातला एक. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता! लोडशेडिंगला शिव्या घालणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

जाणकारांचा नियम असा: प्रती तीन, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या जागी. आम्ही दर जुम्म्याला एका सुट्या डिस्कवर प्रत घेतो, वायर काढतो आणि डिस्क घरच्या कपाटात ठेवतो.

जकातीचा प्रोग्रॅम

पुतण्याने जकातीच्या हिशेबाचाही प्रोग्रॅम लिहिला: माल, रोकड आणि येणे मिळवायचे, देणे वजा करायचे, निसाब पाहायचा आणि अडीच टक्के काढायचे. पहिल्या वेळी त्याने वर्ष ३६५ दिवसांचे धरले. आमच्या मौलानांनी चूक दाखवली. जकातीचे वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवस मागे पडले, तर साधारण ३३ वर्षांत एका पूर्ण वर्षाची जकात राहून जाते. एप्रिल ते मार्च असा हिशेब ठेवणाऱ्या कित्येकांच्या हे ध्यानातही येत नाही. मग त्याने हिजरी तारखेचे गणित बसवले. तरी गणिताची तारीख आणि प्रत्यक्ष चंद्रदर्शन यांत एखाद्या दिवसाचा फरक पडतो, म्हणून तारीख हाताने बदलण्याची सोय ठेवली. मसला आलिमांनाच विचारायचा. यंत्र फक्त बेरीज-गुणाकार करते.

खर्च आणि खबरदारी

चाळीस वॅट खाणारे यंत्र चोवीस तास चालले तर महिन्याला सुमारे २९ युनिट वीज जाते. आपल्या बिलातील दराने गुणून पाहावे. जुना कॉम्प्युटर घरातलाच. खर्च नव्या डिस्कचा आणि लहान यूपीएसचा. डिस्क मात्र जुनी वापरू नये.

सर्व्हर इंटरनेटवर सरसकट उघडा करू नये. ते रात्री दुकानाचे मागचे दार उघडे टाकण्यासारखे आहे. पासवर्ड सर्वांना एकच नको, आणि लिनक्सच्या सुधारणा वेळच्या वेळी घ्याव्यात. शिवाय मुलाने सर्व मांडणी वहीत लिहून ठेवावी. उद्या तो नोकरीसाठी पुण्याला गेला, तर सर्व्हरची किल्ली त्याच्याबरोबर जाता कामा नये.

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, आपल्या पूर्वजांनी मुलाला करघ्यावर बसवूनच हुनर शिकवले. धागा तुटायचा, माल खराब व्हायचा, तरी बसवले. आजच्या मुलाचा करघा मागच्या खोलीतले ते जुने यंत्र आहे. त्याला रागावण्याआधी आपल्या दुकानाची एक अडचण त्याच्यापुढे ठेवून पाहा. त्याला खरे काम मिळेल आणि आपली अमानत जपली जाईल, इन्शाअल्लाह. आणि आज रात्री दुकान बंद करताना स्वतःला एवढे जरूर विचारा: सकाळी हा कॉम्प्युटर सुरू झाला नाही, तर माझी खतावणी कुठे आहे?