उकिडवे आणि ओणवे : पाण्यावरील स्लालम, त्याची साधने व शस्त्रक्रियेनंतरचा सांधा

परिभाषेची चर्चा करताना आपण बहुधा नामांपासून सुरुवात करतो. अमक्या यंत्रास काय म्हणावे, तमक्या अवयवास कोणता प्रतिशब्द द्यावा, हा आपला पहिला प्रश्न असतो. ते यंत्र वापरताना माणूस बसलेला असतो की वाकलेला, हे सांगणाऱ्या शब्दांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. मोटारनावेमागे दोराला धरून एकाच फळीवर उभे राहावयाचे आणि बोयांना वळसे घालीत जावयाचे, असा वॉटर-स्कीइंगचा जो स्लालम नावाचा प्रकार आहे, त्याच्या निमित्ताने या उपेक्षित शब्दवर्गाचा येथे विचार करावयाचा आहे. प्रश्न निव्वळ शब्दांचा नाही. गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेला मनुष्य पुन्हा त्या फळीवर जाऊ इच्छितो, तेव्हा त्याला शल्यविशारदाशी व नाव हाकणाऱ्याशी जे बोलावे लागते, त्यातला एक शब्द ढिला पडला तर सांधा पुन्हा दुखावण्याचा संभव असतो.

हा खेळ १९२२ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, पेपिन सरोवरावर राल्फ सॅम्युएल्सन या तरुणाने प्रथम करून दाखविला. त्याचे शब्द मात्र नॉर्वेतून आले. ‘स्की’ या शब्दाचा मूळ अर्थ लाकूड चिरून काढलेली फाळ, असा आहे. संस्कृतातील छिद् धातू ज्या आदिम कुळातला, त्याच कुळात या शब्दाचेही मूळ सापडते. ‘स्लालम’ हा नॉर्वेच्या डोंगराळ भागातील बोलीतला जोडशब्द होय. त्याच्या पहिल्या अंशाचा अर्थ उतार, दुसऱ्याचा माग किंवा खूण. बर्फाच्या उतारावरील वाट सांगणारा हा शब्द पाण्यावर आला तेव्हा उतार नाहीसा झाला, वळणे तेवढी उरली. आपल्याकडे ‘जलघसरण’ असा प्रतिशब्द कोणी सुचवील, पण तो मला मान्य होण्याजोगा वाटत नाही. मराठीत ‘घसरणे’ ही क्रिया सहसा कर्त्याच्या इच्छेविरुद्ध घडते. पाय घसरतो, जीभ घसरते, भाव घसरतात. ‘घसरगुंडी’ हा अपवाद खरा. पण तेथेही एकदा बसल्यावर माणसाच्या हाती फारसे काही राहत नाही. स्लालममध्ये तर प्रत्येक क्षणी फळीची कड जाणूनबुजून पाण्यात दाबावी लागते. तेव्हा ‘स्की’ आणि ‘स्लालम’ हे शब्द आहेत तसेच घ्यावेत, हे बरे.

आता खेळाची रचना. स्पर्धेच्या मार्गाची लांबी २५९ मीटर असते. नाव मधल्या सरळ रेषेने जाते. तिच्या दोन्ही बाजूंना आलटून पालटून सहा बोये असतात व प्रत्येक बोया मध्यरेषेपासून ११.५ मीटरवर असतो. नावेची कमाल गती पुरुषांसाठी ताशी ५८ किलोमीटर आणि स्त्रियांसाठी ५५. म्हणजे पुरुषांच्या गतीने हे सारे अंतर सुमारे सोळा सेकंदांत संपते. त्यात खेळाडूने सहाही बोयांना बाहेरून वळसा घालावयाचा. कमाल गती गाठल्यानंतर कठीणपणा वाढवावयाचा तो दोर आखूड करून. १८.२५ मीटरपासून सुरुवात होते; मग १६, १४.२५, १३, १२, ११.२५, १०.७५ असा दोर कमी होत जातो. यातील ११.२५ हा आकडा लक्षात घेण्यासारखा आहे. दोर नावेच्या मध्यावरील खांबाला बांधलेला असतो. म्हणून तो नावेशी अगदी काटकोनात आला तरी त्याची मूठ बोयापर्यंत पोहोचू शकत नाही. उरलेले अंतर लांबविलेल्या हाताने आणि पाण्यावर कललेल्या देहाने भरून काढावे लागते. या खेळात सांध्यांवर भार कोठून येतो, याचे बरेचसे उत्तर या साध्या वजाबाकीत आहे.

साधने थोडीच आहेत. स्लालमची फळी प्रौढांसाठी साधारणपणे १६० ते १७५ सेंटिमीटर लांब असते. आजकालच्या चांगल्या फळ्या हलक्या गाभ्यावर कार्बनतंतूंचा थर देऊन करतात. तिचा तळ मधोमध किंचित खोलगट असतो, कडा उतरत्या असतात. पुढच्या पायास पूर्ण खोबण असते. मागच्या पायास कोणी तशीच खोबण घेतात, कोणी नुसता पट्टा पसंत करतात. शेपटीखाली धातूचा एक पातळ पंखा असतो. त्याला ‘सुकाणू’ म्हणण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. सुकाणू फिरवावयाचे असते. हा पंखा पक्का बसविलेला असतो आणि वळण घेतले जाते ते देहाच्या कलण्याने. माशाच्या अंगावरील ‘पर’ हा शब्द येथे अधिक नेमका बसतो. या पराची जागा इंचाच्या हजाराव्या भागाने हलविली तरी फळीची वागणूक बदलते, असे मुरलेले खेळाडू मानतात. याखेरीज दोर, त्याची मूठ, हातमोजे आणि अंगात घालावयाचे तरंगते जाकीट. शस्त्रक्रिया झालेल्याने खोबणीविषयी विशेष दक्ष राहावे. पडताना दोन्ही पाय एकदम सुटावेत, किंवा दोन्ही अडकून राहावेत. एक सुटला आणि दुसरा फळीबरोबर फिरला, तर तो पीळ सरळ गुडघ्यात उतरतो.

महाड-पोलादपूरच्या परिसरात या खेळाचा मार्ग आखता येईल काय, असा प्रश्न सहज मनात येतो. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री घाटाखाली पोलादपुराजवळून महाडास येते व बाणकोटपाशी समुद्राला मिळते. वरच्या भागात तिचे पात्र खडकाळ आणि उन्हाळ्यात उथळ. खालच्या भागात भरतीओहोटीचे. स्लालमला स्थिर, खोल आणि वाऱ्यापासून आडोशाचे पाणी लागते. प्रवाह असला की खेळाडूचा पाण्यातून जाण्याचा वेग आणि बोयांमधून जाण्याचा वेग एक राहत नाही. पावसाळ्याचे तर बोलावयासच नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच नदीच्या पुराने महाडजवळचा महामार्गावरील जुना पूल वाहनांसह नेला, आणि २०२१ च्या जुलैमध्ये महाड शहर पाण्याखाली गेले. जलक्रीडांचे पद्धतशीर शिक्षण घ्यावयाचे तर १९९० साली गोव्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेसारखे ठिकाणच गाठावे लागते. सावित्रीचे खोरे या खेळाला पाणी देत नसले तरी शब्द देते, आणि ते शब्द तेथील भातशेतीत व घराच्या अंगणात रोज वापरात आहेत.

ते शब्द म्हणजे ‘उकिडवे’ आणि ‘ओणवे’. ‘उकिडवे’ हा संस्कृत उत्कुटुक, पाली उक्कुटिक या मालिकेतला. तळपाय जमिनीवर, गुडघे पूर्ण दुमडलेले, मांड्या पोटाशी, अशी ती बैठक. ‘ओणवे’ हा अवनम् धातूपासून आलेला. यात माणूस कमरेतून वाकतो, पाय मात्र जवळजवळ ताठ राहतात. चुलीपुढे बाई उकिडवी बसते. लावणीच्या खाचरात तीच बाई ओणवी होते. मराठी भाषिकाला हा भेद शिकवावा लागत नाही. ‘उकिडवे उभे राहा’ असे कोणी म्हटले तर लहान मूलही हसेल.

स्लालमचा प्रारंभ खोल पाण्यात होतो. खेळाडू पाण्यात तरंगत असतो, फळीचे टोक वर आलेले, हातात दोराची मूठ. या वेळी त्याने उकिडवे असावे, असे प्रत्येक शिक्षक सांगतो. गुडघे छातीशी, टाच बुडाजवळ, हात सरळ. नाव ओढू लागली की तसेच गोळा होऊन राहावयाचे आणि फळी पाण्यावर आल्यानंतरच हळूहळू उठावयाचे. नवशिका येथे घाई करतो. तो गुडघे लवकर ताठ करतो, आणि त्याच क्षणी दोर त्याचे धड पुढे खेचतो. उकिडवा मनुष्य क्षणार्धात ओणवा होतो. मांडीच्या मागील स्नायू बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याखाली जातात. खुबा दुमडलेला व गुडघा ताठ असला की ते दोन्ही टोकांनी ताणले जातात, आणि नावेच्या ओढीपुढे त्यांचे वरचे टोक हाडावरून उपटून येते. वॉटर-स्कीइंगमधील ही दुखापत वैद्यकास चांगलीच परिचित आहे. १९९६ साली अमेरिकेत तिच्यावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध झाला, व त्यात नवशिक्यांना ही इजा मुख्यत्वे पाण्यातून उठतानाच झालेली आढळली. लावणीतले ओणवेपण माणूस आपल्या बेताने घेतो, तासन् तास सोसतो आणि त्याने पाठ धरते. नावेने लादलेले ओणवेपण एका हिसक्यात येते. आसन एकच, पण काल निराळा.

आसने सांगण्यात इतकी काटेकोर असलेली आपली बोली त्वचेखाली शिरली की मात्र ढिली होते. ‘शीर’ हा शब्द घ्या. रक्त वाहणारी ती शीर, मेंदूचा संदेश नेणारी तीही शीर, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी कंडरा तीही शीर. आणि गुडघ्यात हाडाला हाडाशी बांधणारा अस्थिबंध तुटला तरी रुग्ण ‘शीर तुटली’ असेच म्हणतो. ‘गादी’चेही तेच. मणक्यांमधली चकती सरकली तरी गादी, हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण झिजले तरी गादी, आणि गुडघ्यातील चंद्रकोरीसारखी कूर्चा फाटली तरी गादीच. रोजच्या व्यवहारात यामुळे अडत नाही. परंतु स्लालमकडे परतताना यातील नेमके काय तुटले होते व कशाने सांधले, यावर पुढचे सारे अवलंबून असते. फाटलेली कूर्चा शिवली असेल तर भार घेऊन खोल उकिडवे बसणे काही महिने वर्ज्य ठरते. मांडीमागच्या स्नायूचे उपटलेले टोक पुन्हा हाडाला जोडले असेल तर आरंभी ओणवे होणेच निषिद्ध.

गुडघ्याच्या आत फुलीसारखे एकमेकांस छेदणारे दोन अस्थिबंध असतात. त्यांस या लेखापुरते ‘फुलीबंध’ म्हणू. पुढचा फुलीबंध तुटल्यास त्याच्या जागी रुग्णाच्याच शरीरातील कंडरेचा तुकडा बसवितात, आणि तो पुष्कळदा मांडीमागील स्नायूंच्या कंडरेतूनच घेतलेला असतो. म्हणजे पाण्यातून उठताना ज्या स्नायूगटावर घाला येतो, त्यातूनच गुडघ्याच्या दुरुस्तीचे सामान काढलेले असते. ही गोष्ट पुष्कळ रुग्णांच्या लक्षात राहत नाही, कारण त्यांच्या लेखी शस्त्रक्रिया ‘गुडघ्याची’ झालेली असते.

यापुढचा आणि सर्वांत अवघड शब्द ‘बरे’ हा होय. ‘गुडघा आता बरा आहे’ या वाक्यात किमान तीन विधाने दडलेली असतात: तो दुखत नाही, तो मोकळा वाकतो, आणि त्यात पूर्वीइतका जोर आहे. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडत नाहीत. दुखणे सर्वांत आधी थांबते. मोकळेपणा व्यायामाने त्यामागून येतो. बसविलेली कंडरा मात्र पहिल्या काही महिन्यांत उलट दुबळी होते. तिचा मूळ रक्तपुरवठा तुटलेला असतो, तिच्यातील पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या शिरून तिची घडण पुन्हा व्हावी लागते. रुग्णाला जेव्हा अगदी ‘बरे’ वाटू लागते त्याच सुमारास हे आतले काम अपुरे असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, खेळात परतणे लांबविले तर, नवव्या महिन्यापर्यंत, प्रत्येक महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी उतरते. हा अभ्यास पाण्यावरील खेळांचा नव्हता, गुडघ्याला पीळ देणाऱ्या मैदानी खेळांचा होता. तरी नऊ महिन्यांची मर्यादा स्लालमसाठी अधिक सैल करावी, असे मानण्यास काही आधार दिसत नाही. त्याच अभ्यासात दोन्ही मांड्यांच्या पुढील स्नायूंचा जोर जवळजवळ सारखा होणेही महत्त्वाचे ठरले. स्लालममध्ये एक पाय कायम पुढे असतो व दोन्ही गुडघ्यांचे काम सारखे नसते. म्हणून शस्त्रक्रिया पुढच्या पायाची की मागच्या, हेही विचारले पाहिजे. रुग्णाने ‘बरा आहे’ म्हणण्याऐवजी ‘दुखत नाही’, ‘मोकळा आहे’ आणि ‘जोर आला आहे’ अशी तीन निराळी वाक्ये उच्चारावीत. तिन्ही वाक्ये अस्सल मराठी आहेत. त्यांसाठी परिभाषा-मंडळाची गरज नाही.

जोराची परीक्षा चढावर होत नाही, उतारावर होते. पोलादपुराहून आंबेनळी घाटाच्या बाजूस डोंगरात राहणाऱ्यांना हे सांगावयास नको. चढताना दम लागतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांब होत असतानाच भार पेलीत असतो, आणि तो कच्चा असला की गुडघा लटपटतो. बोयाभोवती वळण घेऊन दोर पुन्हा ताठ होतो त्या क्षणी पुढच्या गुडघ्याला नेमके याच जातीचे काम करावे लागते.

परतताना क्रम असा असावा. प्रथम बोये नाहीतच. लांब दोर, कमी गती, रुंद फळी. शक्य तर खोल पाण्यातून उठण्याऐवजी नावेच्या कडेस बांधलेल्या आडव्या दांड्याला धरून सुरुवात करावी, म्हणजे ओढ पुष्कळ सौम्य होते. दोर सैल पडून एकाएकी ताठ झाला तर हिसका खांद्यात बसतो. खांद्याची शस्त्रक्रिया झालेल्याने सैल दोर दिसताच मूठ सोडून द्यावी. वळसा चुकल्याने काही बिघडत नाही. कृत्रिम खुब्याचा प्रश्न वेगळा आहे. मागच्या बाजूने शस्त्रक्रिया केली असेल तर खुबा काटकोनापलीकडे दुमडल्यास तो निखळण्याचा धोका विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत असतो, आणि खोल पाण्यातील उकिडवे आसन म्हणजे नेमके तेच दुमडणे. अशा रुग्णाने शल्यविशारदाला ‘पाण्यात खेळू का’ असे न विचारता ‘पाण्यात उकिडवा बसू का’ असे विचारावे.

नाव हाकणाऱ्याशी मात्र तोंडाने बोलता येत नाही. इंजिनाच्या आवाजात शब्द पोहोचत नाहीत. म्हणून नावेत मागे तोंड करून बसलेला एक निरीक्षक असतो आणि सारी भाषा हातांची असते. अंगठा वर म्हणजे गती वाढवा, अंगठा खाली म्हणजे कमी करा, गळ्यावरून आडवा हात म्हणजे थांबवा, डोक्यावर थोपटणे म्हणजे काठाकडे चला. पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जोडून दाखविले की आपण सुखरूप आहोत. ‘मी उकिडवा आहे, आता ओढ’ आणि ‘मी ओणवा होतो आहे, दोर ढिला सोड’ यांसाठी मात्र या हस्तभाषेत खुणा नाहीत. त्या दोन गोष्टी पाण्यात उतरण्यापूर्वी काठावरच बोलून घ्याव्या लागतात.