साक्षीदाराची स्मृती

गुन्हा वा अपघात प्रत्यक्ष पाहणाऱ्या व्यक्तीला त्या घटनेचे होणारे स्मरण. ते कितपत विश्वसनीय असते, हा न्यायविषयक मानसशास्त्रातील एक प्रमुख प्रश्न होय. स्मृती म्हणजे घटनेचे जसेच्या तसे उमटलेले छायाचित्र, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि स्मरण ही पुनर्रचनेची क्रिया असल्याचे इंग्रज मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट (१८८६–१९६९) यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले. अपुरा प्रकाश, भीती, शस्त्राकडे खिळलेले लक्ष यांमुळे मुळात संवेदनच अपुरे राहते; उरलेल्या जागा मागाहून ऐकलेल्या माहितीने भरल्या जातात आणि साक्षीदारास त्याची जाणीवही नसते.

या संदर्भात एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांचे अमेरिकेतील प्रयोग (१९७४) प्रसिद्ध आहेत. मोटार-अपघाताची चित्रफीत दाखवून विद्यार्थ्यांना वाहनांचा वेग विचारण्यात आला. प्रश्नात ‘धडकल्या’ अशा अर्थाचे क्रियापद असता सरासरी उत्तर ताशी ३४ मैल आले. ‘जोराने आदळून चुरडल्या’ अशा अर्थाचे क्रियापद योजताच ते सु. ४१ मैलांवर गेले. दुसऱ्या प्रयोगात एका आठवड्यानंतर फुटलेल्या काचांविषयी विचारले असता, सौम्य क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी ७, तर तीव्र क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी त्या पाहिल्याचे सांगितले. चित्रफितीत काचा नव्हत्याच.

प्रामाणिक साक्षीदारही अशा रीतीने चुकू शकतो व त्याच्या चुकीमुळे निरपराध व्यक्तीस शिक्षा होऊन खरा गुन्हेगार मोकळा राहतो. इंग्लंडमध्ये चुकीच्या ओळखीमुळे झालेल्या शिक्षांची डेव्हलिन समितीने चौकशी केली (१९७६). त्याच वर्षी टर्नबुल खटल्यात, चुकलेला साक्षीदारही खात्रीलायक वाटू शकतो, याची जाणीव न्यायाधीशांनी ज्यूरीस करून द्यावी, असे तेथील अपील न्यायालयाने सांगितले.

पोलिसांच्या प्रश्नपद्धतीतही सुधारणा सुचविण्यात आल्या. रॉनल्ड फिशर व एडवर्ड गायझलमन यांनी १९८० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या बोधात्मक मुलाखतीत साक्षीदारास घटनास्थळ व त्यावेळची मनःस्थिती आठवण्यास सांगून, मध्येच न अडविता, सर्व तपशील त्याच्याच शब्दांत सांगू देतात. ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्यास संशयित कोणता हे ठाऊक नसावे. गुन्हेगार रांगेत नसण्याचीही शक्यता साक्षीदारास सांगावी आणि त्याची खात्री ओळखीच्या क्षणीच नोंदवावी, असे संशोधक सुचवितात. कारण पुढे इतरांच्या दुजोऱ्याने ती वाढते.

भारतात १८७२ च्या पुरावा अधिनियमाने सरतपासणीतील सूचक प्रश्नांवर निर्बंध घातले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहेत. परंतु साक्षीदारास पहिले प्रश्न न्यायालयाबाहेर, तपासाच्या वेळी विचारले जातात. त्यांतून स्मृतीत शिरलेली भर उलटतपासणीत वेगळी काढणे कठीण असते. म्हणून पहिल्या चौकशीची शुद्धता विशेष महत्त्वाची ठरते.