खोल वाक्यरचना-वृक्षांचे परिभ्रमण आणि पुनरावर्तनाची मर्यादा

संगणकीय भाषेतील मजकुराचे पृथक्करण केले असता त्याचा वाक्यरचना-वृक्ष तयार होतो. या वृक्षाची प्रत्येक शाखा स्वतःच एक वृक्ष असल्यामुळे त्याचे परिभ्रमण करणारे फंक्शनही स्वतःस पुनःपुन्हा कॉल करणारे असावे, हे स्वाभाविक होय. ही पद्धती सुबोध आहे; परंतु वृक्षाची खोली वाढली की ती एकाएकी निकामी ठरते. त्याची कारणे व त्यावरील उपाय यांचा विचार येथे करावयाचा आहे.

पायथन भाषेचे उदाहरण घेऊ. ६०० पदांच्या साध्या बेरजेत एकही कंस नसतो. तथापि बेरीज डावीकडून बांधली जात असल्याने ५९९ नोड एकाखाली एक असे उतरत जातात. या भाषेसोबत येणारा ‘नोडव्हिजिटर’ हा वर्ग दर पातळीस दोन कॉल खर्च करतो. म्हणजे सुमारे १,२०० कॉल एकाच वेळी अपुरे राहतात. आणि मूळची मर्यादा १,००० असल्याने परिभ्रमण मध्येच थांबते.

मर्यादेचा आकडा वाढविणे हा सर्वांस प्रथम सुचणारा उपाय होय. परंतु २०२२ साली आलेल्या ३.११ पूर्वीच्या आवृत्त्यांत पायथनचा प्रत्येक कॉल सी भाषेचा स्टॅकही खर्च करीत असे. त्यामुळे आकडा बेताल वाढविल्यास, पकडता येण्याजोगी त्रुटी मिळण्याऐवजी सबंध प्रोग्रॅमच कोसळे. नव्या आवृत्त्यांत हा धोका पुष्कळ कमी झाला असला, तरी मूळ प्रश्न उरतोच. वृक्षाची खोली मजकूर लिहिणारा ठरवितो. तो परका असेल, तर आपण निवडलेला कोणताही आकडा त्यास ओलांडता येतो.

पुनरावर्तन स्टॅकच्या, म्हणजे चळतीच्या, साहाय्याने कसे साधावे याचे विवेचन डाइक्स्ट्रा यांनी १९६० साली केले होते. तीच चळत आपण स्वतः सांभाळावी, हा खरा उपाय होय. चळतीवर नोड आणि त्याची ‘प्रथम’ अथवा ‘परत’ ही खूण ठेवावी. ‘प्रथम’ खुणेचा नोड हाती येताच तो ‘परत’ या खुणेने पुन्हा ठेवावा व त्यावर आधी उजवे, मग डावे अपत्य ठेवावे. ‘परत’ खूण भेटेल तेव्हा दोन्ही अपत्यांची मूल्ये सिद्ध असतात. त्यांची बेरीज करावी. येथे कॉलांची खोली वाढत नाही. साधी स्मृती तेवढी लागते. केवळ नोड मोजावयाचे असतील, तर पायथनमधील ‘वॉक’ हे पुनरावर्तनरहित फंक्शन पुरेसे आहे. मात्र त्यात क्रमाची हमी नसते.

स्मृतीसही अंत आहे. म्हणून परक्याचा मजकूर स्वीकारताना खोलीची मर्यादा आपणच जाहीर करावी आणि ती ओलांडली गेल्यास ओळीच्या क्रमांकासह तसे कळवावे. पायथनचा मूळ कार्यान्वयक कंसांच्या बाबतीत हेच करतो : २०० हून अधिक कंस एकात एक आल्यास तो मजकूर स्पष्ट शब्दांत नाकारतो.