नाव घालावे, पण कसे?

लग्न, मुंज, साठीशांत किंवा एखाद्या संस्थेचा वर्धापनदिन असला की नाव घातलेली वस्तू देण्याची चाल आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत जुनी आहे. पूर्वी ती वस्तू बहुधा पितळेचे वा तांब्याचे भांडे असे. आता कापडी पिशव्या, शाली आणि चिनी मातीचे पेले आले आहेत. मी गाणे शिकवणारा माणूस; परंतु दर गुरुपौर्णिमेला आमच्या वर्गासाठी अशी कामे करून घ्यावी लागत असल्याने छापणाऱ्यांच्या दुकानांत माझे जाणेयेणे पुष्कळ आहे.

‘चांगली पद्धत कोणती?’ असे लोक विचारतात. पण रागाचा स्वभाव पाहिल्यावाचून अलंकार घेता येत नाही, तसेच हेही आहे. वस्तू कशाची, नग किती आणि नाव किती काळ टिकायला हवे, ही तीन उत्तरे आधी हवीत.

सुती पिशव्या शंभर-दोनशे असतील तर स्क्रीनची छपाई बरी. चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीतून रबराच्या पट्टीने शाई खाली उतरवतात. प्रत्येक रंगाला निराळी चौकट लागते. चौकटीचा खर्च दहा पिशव्यांना तेवढाच आणि हजारांना तेवढाच. म्हणून रंग कमी व नग जास्त असले की ती परवडते. शाई उष्णता देऊन पक्की केली आहे ना, हे मात्र विचारावे. नाहीतर चार धुण्यांत अक्षरे जातात.

छायाचित्र हवे आणि नग पाच-दहाच, तर कागदावर छापलेला रंग सुमारे २०० अंशांच्या उष्णतेने वस्तूवर उतरवण्याची रीत सोयीची. पण तो रंग पॉलिएस्टरलाच धरतो, तोही पांढऱ्या किंवा फिक्या कापडावर. सुती कापडावर त्याचा आग्रह धरू नये. पेल्यालाही त्यासाठी खास लेप दिलेला असावा लागतो.

शालीला भरतकाम शोभते. मात्र अक्षर ठसठशीत हवे. लहान अक्षरांत अनुस्वार आणि वेलांट्या दोऱ्याच्या गोळ्यात बुडून जातात. पातळ रेशमावर दाट भरले तर चुण्या पडतात. लाकडी ठशांची छपाई हवी असेल, तर सागवानी ठसे कोरणारे पेथापूर आपल्या गुजरातेतच आहे. ठशात अक्षर उलटे कोरतात, हे ध्यानात ठेवून नमुना तपासावा.

आणि भांडे? त्याला अजून तोड नाही. माझे वडील दरबारी गवई. त्यांना मिळालेल्या तांब्यावर ठोकून घातलेले नाव इतकी वर्षे चिंच लावून घासले, तरी बोटाला लागते. धातूवर छापलेले नाव वर बसते, कोरलेले आत उतरते. फरक एवढाच, पण नातवंडांना तो कळतो.

पद्धत कोणतीही घ्या, मजकुराकडे स्वतः पाहा. एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर उघडला की कधी कधी जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली अक्षरे उभी राहतात. शिवाय आपला ‘ऱ्ह’ गुजरातीत नाही आणि हिंदीतही नाही. म्हणून ‘कऱ्हाडकर’ हे आडनाव रफार चढून ‘कर्‌हाडकर’ होऊन येते. करणाऱ्याचा त्यात दोष नाही, त्याच्या लिपीत ते अक्षरच नाही. म्हणून आधी एकच नग करून घ्यावा, कापड असल्यास तो तीन-चार वेळा धुवावा, आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडून नाव मोठ्याने वाचून घ्यावे.

पिढ्यानपिढ्या परमुलखात राहून आपण जे थोडे जपले, त्यात आडनाव आहे. दोन रुपये कमी पडतात म्हणून ते चुकीचे किंवा पुसट घालण्यापेक्षा पिशवी कोरी दिलेली बरी.