पत्र उघडण्याआधी

अंधेरी पश्चिमेतला एक छोटा स्टुडिओ. पडद्यावर मालिकेतली सून दारात उभी, हातात वडिलांचं बंद पत्र. भाग रात्री दाखवायचा, आणि पार्श्वसंगीत लावायला बसेपर्यंत दुपारचे चार वाजलेले. संगणकावर तयार तुकड्यांची फोल्डरं होती: ‘सॅड’, ‘टेन्शन’, ‘आई’. संगीत संयोजकाने ‘सॅड’मधली सारंगी उचलली आणि सून पत्र उघडण्याआधीच लावून टाकली. वडील गेले, हे तिच्याआधी आम्हाला कळलं.

मी तिथे बसलो ते डॉ. अशोक दा. रानडे यांच्यामुळे. मराठी रंगभूमीच्या संगीतावर आणि हिंदी चित्रपटगीतावर या संगीतशास्त्रज्ञाने स्वतंत्र ग्रंथ लिहिले. ते वाचल्यापासून मालिकेतला रडका सूर मला नुसता रडका वाटेनासा झाला. त्याचं घराणं शोधावंसं वाटू लागलं.

‘मेलोड्रामा’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. त्यातला ‘मेलोस’ म्हणजे ग्रीक भाषेत गाणं. रूसोच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकात (१७७०) नट बोलून थांबे, मग वाद्यं बोलत. आधी शब्द, मग सूर. आपल्या संगीत नाटकाला हा क्रम रक्तातूनच ठाऊक होता. १९१९ साली ‘एकच प्याला’ रंगमंचावर आलं. बालगंधर्वांच्या सिंधूला गडकऱ्यांच्या गद्यानेच आधी पुरतं गाठलेलं असे, नंतर पद. ऑर्गन आणि सारंगी गाणाऱ्या गळ्यामागून चालत. गाण्यासाठी कथा थांबायची आणि त्या थांबण्यात प्रेक्षकाला दुःख स्वतःचं करून घ्यायला वेळ मिळायचा. एवढा वेळ देणं हा माझ्या मते प्रेक्षकाचा मोठा सन्मान होता.

‘कुंकू’ या चित्रपटात (१९३७) दिग्दर्शक शांतारामबापूंनी आणि संगीतकार केशवराव भोळ्यांनी तर पार्श्वसंगीतच वगळलं. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातलं घड्याळ ऐकू येतं. अतिनाट्य त्या कथेत ठासून भरलंय, पण रडायचं कधी ते कुणी सांगत नाही.

स्टुडिओत मी न राहवून म्हटलं, “दादा, सारंगी थोडी मागे घेऊन बघता का?”

त्यांनी घेतली. सुनेने पत्र उघडलं, वाचलं, घडी घातली. चार सेकंद फक्त पंख्याचा आवाज. मग सारंगी.

“हे बरंय,” ते म्हणाले आणि पुढच्या दृश्याकडे वळले. अजून बारा मिनिटांचं काम बाकी होतं. रात्री घरी भाग पाहिला. ते चार सेकंद जागेवर होते.